दप्तरातले पूर्वज

वऱ्हाडातल्या झरी जामणीच्या पोडावरील (वस्तीवरील) कोलाम आदिवासी कुळाची वंशावळ संगणकाच्या पडद्यावर शोधू लागले, की सरकारी दप्तराने माणसापेक्षा जमिनीचीच वास्तपुस्त अधिक निष्ठेने केली, हे ध्यानी येते. महाभूलेख या संकेतस्थळावर जमिनीचा गट क्रमांक घालताच सातबारा उघडतो, परंतु ज्यांच्या नावे भूमीच नव्हती, त्या पूर्वजांचा मागमूस गावच्या जन्म-मृत्यू नोंदींच्या कोतवाल बुकात वा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातच लागला तर लागतो. 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजी अंमलाखाली आलेल्या वऱ्हाडचे हे कागद. आज पाहिलेल्या कोतवाल बुकाच्या नकलेत बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ एवढेच, मुलाचे नाव नाही आणि आईचे तर नाहीच (कारकुनाला त्याची मातब्बरी वाटली नसावी). तरीही जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीत 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या नोंदीला मोठे वजन असते. घरी असा जीर्ण कागद असल्यास त्याची नक्कल आताच काढून ठेवावी.