मोल्डिंगवाल्याच्या रेकॉर्डी

जुना बाजार भरतो बुधवारी आणि रविवारी, आणि आमची सुट्टी गुरुवारी. पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीत ज्यांनी नोकरी केली त्यांना हे वेगळं सांगायला नको. विजेच्या स्टॅगरिंगमुळे गुरुवार हा आमचा रविवार झाला. त्यामुळे भोसरीत असताना बुधवारी पहिली पाळी मिळाली की मी खूश. साडेतीनला सुटायचं आणि दापोडी, खडकी, वाकडेवाडी करत स्कूटर थेट जुन्या बाजारात. पोहोचेपर्यंत निम्म्या लोकांनी गोणपाटं गुंडाळायला घेतलेली असायची, पण त्याचा फायदाही होता. उरलेला माल परत न्यायचा कंटाळा आलेला माणूस भाव करत नाही.

तिथे पाने, टॅप, जळक्या मोटारी, बिनकाट्यांची घड्याळं यांच्यात रेकॉर्डींचे गठ्ठे असत. बहुतेक हिंदी सिनेमाच्या, थोडी नाट्यगीतं, भावगीतं. पण कॅम्पातली जुनी घरं मोकळी होत तसा तिथला मालही इथे येऊन पडे, आणि त्यात मधूनच एखादी इंग्रजी रॉकची निघे. मला हवी होती ती प्रोग्रेसिव्ह रॉकची, म्हणजे १९६९ ते ७५च्या आसपास इंग्लंडात फुललेली ती लांबलचक, ताल बदलत जाणारी, ऑर्गन आणि मेलोट्रॉनने भरलेली गाणी. किंग क्रिम्झन, येस, जेनेसिस, जेथ्रो टल. याची चटक मला डिप्लोमाला असताना हॉस्टेलच्या एका सीनियरने लावली. त्याने भरून दिलेल्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर येसचं १९७२चं ‘क्लोज टू द एज’ होतं. त्यातलं पहिलं गाणंच पावणेएकोणीस मिनिटांचं. खोलीतली पोरं वैतागली. मला काहीच वाटलं नाही. वडील टेल्कोत, घरी एचएमव्हीचा फिएस्टा प्लेअर आणि भीमसेनांचा पुरिया धनाश्री. एक बाजू म्हणजे एक राग, हे लहानपणापासून ऐकलेलं. गाणं वीस मिनिटांचं असू नये, असं आमच्या घरात कुणी सांगितलंच नव्हतं.

तर त्या बाजारात मला ‘डार्क साइड ऑफ द मून’ची भारतात छापलेली, दमदमच्या कारखान्याची प्रत मिळाली. कव्हरला वाळवी लागलेली, रेकॉर्ड मात्र ठीक. घरी आणून खिडकीच्या उजेडात तिरकी धरली आणि तेव्हापासून मी रेकॉर्डीकडे दोन नजरांनी बघायला लागलो.

कारण मी मोल्डिंगवाला. भोसरीतल्या टूलरूममधून सुरुवात, मग चाकणला गाड्यांचे प्लास्टिकचे भाग करणाऱ्या कारखान्यात निवृत्तीपर्यंत. मशीनमधून निघालेला पार्ट हातात घ्यायचा आणि ट्यूबलाइटखाली फिरवून बघायचा: फ्लॅश आहे का, सिंक मार्क आहे का, वॉर्प झालाय का. आणि रेकॉर्ड म्हणजे तरी काय, प्लास्टिकचा पार्टच. गरम पीव्हीसीचा गोळा, वर-खाली एकेक निकेलचा स्टॅम्पर, दोन्हीकडे लेबलं, शंभर टनांच्या आसपास दाब. आधी वाफ, मग पाणी, मग कडेचा फ्लॅश कापायचा. सायकल टाइम अर्ध्या मिनिटाच्या आगेमागे. स्टॅम्पर तयार होतो तो इलेक्ट्रोफॉर्मिंगने: लॅकरचा थर दिलेल्या तबकडीवर लेथने खाच कापायची, तिच्यावर चांदीचा पातळ थर द्यायचा, त्यावर निकेल चढवायचं आणि ते सोलून काढायचं. गाणं संपल्यावर लेबलाभोवती जी गुळगुळीत पट्टी उरते तिच्यावर नंबर कोरलेला असतो. आमच्या कॅव्हिटीवर असतो तसाच. तो वाचता आला की ही प्रत कोणत्या कटिंगची, कोणत्या कारखान्याची, हे बरंचसं कळतं. संगीताचे जाणकार मला कव्हरवरच्या चित्रांबद्दल सांगतात. मी आधी ती पट्टी बघतो.

आणि प्रोग्रेसिव्ह रॉक हे मोल्डिंगची परीक्षा बघणारं संगीत आहे. रेकॉर्ड मिनिटाला सव्वातेहेतीस फेरे घेते असं आपण ढोबळमानाने म्हणतो, खरं तर तेहेतीस आणि एक तृतीयांश. फेरे सारखे, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला जवळजवळ पन्नास सेंटिमीटर खाच सरकते आणि आत लेबलाजवळ वीस-एकवीसच. तेवढ्या कमी जागेत तेवढंच गाणं बसवायचं. तीन-तीन मिनिटांच्या गाण्यांची रेकॉर्ड असेल तर लोक शेवटी एखादं हळुवार गाणं टाकून मोकळे होतात. पण ही मंडळी बाजूभर एकच गाणं रचणार आणि सगळा कडकडाट शेवटच्या दोन मिनिटांत, नेमका सगळ्यात वाईट जागी, आणून ठेवणार. जेनेसिसचं ‘सपर्स रेडी’ तेवीस मिनिटांच्या आसपास जातं. त्याचा शेवट चिरकला नाही तर समजावं, कटिंग करणारा माणूस पक्का होता.

दुसरी परीक्षा मधल्या भोकाची. भोक अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असलं तरी रेकॉर्ड लंगडते. आमच्या भाषेत रन-आउट. ढोल-ताशाला ते खपून जाईल, पण मेलोट्रॉनचा लांब धरलेला सूर लगेच हेलकावे खातो. दुकानात रेकॉर्ड लावून बघायला दिली तर मी गाणं ऐकत नाही, टोनआर्मचं टोक बघतो. ते डावी-उजवीकडे डोलत असलं की नमस्कार करून परत.

चाकणमध्ये जर्मन कंपन्यांचे प्लांट आले आणि आमच्यासारख्या पुरवठादारांच्या माणसांचं जर्मनीला जाणं-येणं सुरू झालं. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. जायची कारणं म्हणजे टूल ट्रायल, मशीन ताब्यात घेण्यापूर्वीची तपासणी, ग्राहकाच्या शंका. बरोबरची मंडळी शनिवारी चॉकलेटं आणि परफ्यूम घ्यायला जात. मी रेकॉर्डी. शनिवारीच, कारण तिकडे रविवारी दुकानं बंद. गुरुवारवाल्याला तिथेही सुट्टी जुळवून घ्यावीच लागली.

वोल्फ्सबुर्ग हे फोक्सवॅगनचं गाव, नुसतं कारखान्याचं. पण तिथून रेल्वेने अर्ध्या तासात हानोफर. हानोफरचा ‘एलॉय’ हा बँड मला आधीपासून आवडायचा, १९७७चं त्यांचं ‘ओशन’ विशेष. इंग्लंडात त्यांना फारसं कुणी विचारत नाही, पण त्यांच्या गावच्या दुकानात त्यांच्या रेकॉर्डींचा वेगळा कप्पा होता आणि भाव आपल्या चाकणच्या हॉटेलातल्या दोघांच्या जेवणाएवढा. घेतल्या. तिथल्या दुकानदाराने गप्पांच्या ओघात सांगितलं की ग्रामोफोन शोधणारा एमिल बर्लिनर ह्याच गावचा, १८५१चा जन्म. त्याने आणि त्याच्या भावाने १८९८ मध्ये इथेच डॉइच ग्रामोफोन काढली. मी त्याला त्याच्या गावाची पुढची गोष्ट सांगितली. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा हिंदुस्थानात छापायचा कारखाना नव्हता. ते मास्टर बोटीने हानोफरला आले, इथे रेकॉर्डी छापल्या आणि परत कलकत्त्याला गेल्या. गाण्याच्या शेवटी ती बाई इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, ते इथल्या कारखान्यातल्या लोकांना लेबल लावताना कळावं म्हणून, असं सांगतात. कलकत्त्यात सियालदाहचा कारखाना झाला तो १९०८ मध्ये. आणि त्या जुन्या रेकॉर्डी ज्या शेलॅकच्या असत, ती लाख बहुतेक आपल्याकडचीच, आजच्या झारखंडच्या जंगलांतली. कच्चा माल आमचा, गाणं आमचं, मोल्डिंग तुमचं, असं म्हणालो. तो हसला. एक युरो कमी केला.

प्लास्टिकवाल्यांची पंढरी म्हणजे ड्युसेलडॉर्फचं ‘के’ प्रदर्शन, तीन वर्षांनी एकदा ऑक्टोबरात भरणारं. दिवसभर हॉलमध्ये नवी मशीनं बघून पाय दुखायचे, पण संध्याकाळी अर्ध्या तासात कोलोन गाठता येतं. ‘कॅन’ कोलोनचा, ‘नॉय!’ ड्युसेलडॉर्फचा. शुद्धतावादी यांना प्रोग्रेसिव्हमध्ये धरत नाहीत, पण तो वाद ज्यांना रिकामा वेळ आहे त्यांनी घालावा. ‘कॅन’चं १९७१चं ‘टागो मागो’ एका जुन्या वाड्यात, नॉरफेनिशच्या गढीत, ध्वनिमुद्रित झालं. त्यातला ड्रमर याकी लीबेत्साइटचा ठेका ऐकताना मला दरवेळी मशीन शॉप आठवतो. मोल्ड बंद, इंजेक्शन, होल्डिंग, कूलिंग, मोल्ड उघडा, इजेक्टर. पुन्हा तेच, आणि तरी दर वेळी कान टवकारलेले, कारण आवाज जरा बदलला तर काहीतरी बिघडलंय. तिसऱ्या पाळीत पहाटे तीन वाजता ज्याने मशीनसमोर उभं राहून काढलंय त्याला हा ठेका समजावून द्यावा लागत नाही.

इटलीचा प्रवास एका मोल्डच्या ट्रायलसाठी झाला. इटालियन प्रोग्रेसिव्ह हे माझ्या मते इंग्रजांपेक्षा गोड. गळ्याला लाजत नाहीत ते. ‘ले ओर्मे’ हा बँड व्हेनिसचा म्हणतात, पण मुळात मार्गेराचा, म्हणजे खाडीअलीकडच्या रसायनांच्या कारखान्यांच्या पट्ट्यातला. गोंडोलावाल्या व्हेनिसची ती एमआयडीसीच. हे कळल्यावर त्यांचं १९७३चं ‘फेलोना ए सोरोना’ मला जास्तच जवळचं झालं. पण हातात धरून बघण्यासारखी वस्तू म्हणजे ‘बांको देल मुतुओ सॉकोर्सो’ची १९७२ची पहिली रेकॉर्ड. कव्हर चौकोनी नाही, मातीच्या गल्ल्याच्या आकारात कापलेलं. पुठ्ठ्याची ती डाय बघत मी दुकानात किती वेळ उभा होतो कोण जाणे. आकार असा की रेकॉर्ड बाहेर काढताना कोपरा फाटणारच, आणि म्हणून धड प्रत मिळत नाही. उत्पादनाच्या दृष्टीने वेडेपणा. आमच्या डिझाइन रिव्ह्यूत असलं ड्रॉइंग पहिल्याच दिवशी परत गेलं असतं. किंमत ऐकून मी पुढच्या काळातली साधी आवृत्ती घेतली.

जपानमध्ये उलट. तोक्योच्या शिंजुकू भागात डिस्क युनियन या दुकानाने प्रोग्रेसिव्ह रॉकसाठी स्वतंत्र शाखाच काढली. इटलीत हुडकून न मिळणारे बँड तिथे व्यवस्थित लावलेले, कारण जपान्यांनी ऐंशीच्या दशकात ते शोधून पुन्हा छापले. प्रत्येक प्रतीवर कागदी पट्टा, आत पिशवी, बाहेर पिशवी, आणि चिठ्ठीवर दोष लिहिलेले: अमुक बाजूला अमुक जागी केसाएवढा ओरखडा. मला तो दोष दिसायला मोबाइलचा टॉर्च लावावा लागला. आमच्याकडे इनकमिंग इन्स्पेक्शनला असा माणूस मिळाला असता तर ग्राहकाकडून आलेली निम्मी पत्रं टळली असती.

प्लास्टिक मात्र सगळीकडे त्या काळाची साक्ष देतं. १९७३च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले, पीव्हीसीची टंचाई झाली, रेकॉर्डी पातळ झाल्या आणि कारखान्यांनी ग्राइंडिंगचा माल मिसळायला सुरुवात केली. जुन्या रेकॉर्डी लेबलासकट दळलेल्या असल्या तर कागदाचे कण आत जातात आणि शांत जागी चुरचुर ऐकू येते. नेमकी हीच या संगीताची भरात असलेली वर्षं. चुरचुरीला लोक धूळ समजून पुसत बसतात. ती पुसली जाणार नाही, ती मालातच आहे.

आणायची अडचण वेगळी. कव्हरासकट एक रेकॉर्ड पाव किलोच्या पुढेमागे, चेक-इनच्या बॅगेत आधीच नमुन्यांचे पार्ट. रेकॉर्डी हातातल्या बॅगेतच हव्यात, कारण सामानाच्या पट्ट्यावर त्यांचं काय होईल ते मला माहीत आहे. मुंबईला कस्टमच्या एका साहेबांनी स्क्रीनवरच्या काळ्या गोल गठ्ठ्याकडे बोट दाखवून विचारलं, “हे काय, क्लच प्लेटा?” रेकॉर्डी म्हटल्यावर त्यांनी एक काढून बघितली. ‘थिक ॲज अ ब्रिक’, जिचं कव्हर म्हणजे घडी उघडून वाचायचं अख्खं वर्तमानपत्रच आहे. साहेबांनी दोन पानं वाचली. मागे रांग लांबली. “किशोरकुमारची नाही का एखादी?” म्हणाले आणि जाऊ दिलं.

पावसाळा हा मोठा शत्रू. निगडीत जुलै-ऑगस्टला कव्हरावर पांढरी बुरशी धरते. मी डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून रेकॉर्ड पुसतो आणि उभी वाळवतो. आडव्या ठेवू नयेत, खालच्या वाकतात. हे घरच्यांना सांगून झालंय, तरी दिवाळीच्या आवराआवरीत कुणीतरी गठ्ठा आडवा करतंच.

संगीत ऐकायला परदेशातच जावं लागतं असं नाही. २०१६ मध्ये पुण्यातल्या वीकेंडर महोत्सवात स्टीव्हन विल्सन वाजवून गेला. जेथ्रो टल, येस, किंग क्रिम्झन यांच्या जुन्या टेप नव्याने मिक्स करणारा हाच. गर्दीत कंपनीची ओळखपत्रं गळ्यात तशीच अडकवून आलेली पोरं बघून बरं वाटलं. माझ्या वयाचं फारसं कुणी नव्हतं.

आता मी जात नाही. जातो तो माझ्या हाताखाली तयार झालेला पोरगा. ‘के’ प्रदर्शनाला निघण्याआधी घरी आला. यादी दिली. त्याने फोनवर भाव बघितले आणि म्हणाला, “सर, यातल्या अर्ध्या नव्याने छापलेल्या मिळतात, ऑनलाइन. घरी येतील.”

“येऊ दे,” म्हटलं. “पण भोक कसं तपासणार?”

“म्हणजे?”

मग चहा होईपर्यंत त्याला टेबलाशी बसवलं, एक लंगडी रेकॉर्ड लावली आणि टोनआर्मकडे बघायला सांगितलं.

“रन-आउट आहे की, सर,” तो म्हणाला. “पॉइंट फोर तरी असेल.”

यादीत मी आणखी दोन नावं घातली.