चार चाकांची पुण्याई

टायर हा विषय आमच्या संसारात असा मानाने येऊन बसेल, असे मला कोणी आधी सांगितले असते तर मी हसण्यावारी नेले असते. माझा विषय मराठी. वृत्त म्हणजे मुलांना मात्रा मोजून दाखवावयाचे ते. त्या शब्दाचा मूळ अर्थ 'वाटोळे' असा आहे आणि गाडीचे चाकही त्यात बसते, एवढाच माझा चाकांशी संबंध. पण जुलै २०२४ मध्ये मी स्पितीला जाऊन आलो आणि तेव्हापासून रस्त्यात उभ्या असलेल्या परक्या गाडीचेही टायर वाकून पाहण्याची खोड मला लागली. सौ. म्हणते, "लोकांना वाटेल, हवा सोडताहेत!"

या साऱ्याचे मूळ माझा मेहुणा बाळ. त्याच्याकडे फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी आहे. इंजिनाची ओढ चारही चाकांना मिळते, म्हणून ही गाडी कोठेही जाते, असा त्याचा समज होता. २०२२ च्या जुलैत कुंदाला आणि आठ वर्षांच्या निहारला घेऊन तो स्पितीच्या वाटेला लागला. गाडीला कारखान्यातून आलेले साधे, हमरस्त्याचे टायर होते. बातलच्या अलीकडे एका धारदार दगडाने एका टायरची बाजू फाडली. स्टेपनी चढवली. तासाभरात दुसऱ्याची तीच गत! टायरच्या तळव्यात खिळा घुसला तर पंक्चर काढता येते. पण बाजू फाटली की ठिगळ लागत नाही, टायर बादच होतो. मोबाइलला रेंज नाही, भोवती चार हजार मीटर उंचीची थंडी, आणि निहारला विरळ हवेचा त्रास होऊन उलट्या सुरू झालेल्या. ती रात्र तिघांनी गाडीत काढली. पहाटे एका ट्रकवाल्याने त्यांना खाली आणले. मूल बचावले. पण त्यानंतर कुंदाने त्या प्रवासाचे नाव काढले नाही, आणि बाळच्या मनातून तो प्रवास गेला नाही.

मग त्याने ऑल-टेरेन टायर घेतले, पाच, स्टेपनीसकट. त्यांच्या किमतीत आमच्या घरचा फ्रिज आणि धुलाईयंत्र दोन्ही आले असते! "पुन्हा जायचंय," तो म्हणाला. त्यातच जुलै २०२३ मध्ये अवेळी बर्फ पडून चंद्रतालच्या काठी काही शे प्रवासी अडकले आणि त्यांना मोठ्या कष्टाने सोडवावे लागले. त्या बातम्या वाचून घरचे सारे विरोधात गेले. शेवटी कुंदा म्हणाली, "आत्या आणि भावोजी बरोबर येणार असतील तर जाऊ." अशा रीतीने आम्ही जामीन राहिलो.

आता वाचकांना या टायरांची थोडी ओळख करून द्यावयास हवी. साध्या टायरची नक्षी बारीक व दाट असते. चिखलाच्या टायरची नक्षी म्हणजे ठोकळेच, मधून बोट जाईल अशा खाचा. ऑल-टेरेन टायर या दोहोंच्या मधला. ठोकळे मोठे, खाचा रुंद, म्हणून सुट्या खडीत व मातीत त्याला पकड मिळते. बऱ्याच टायरांची बाजूही अधिक जाड असते. पण मधल्या भावंडाच्या नशिबी दोन्हीकडची बोलणी येतात, तशी याच्याही येतात. तो वजनाला जड, म्हणून तेल अधिक पितो. बाळची गाडी लिटरला बारा किलोमीटर जात होती, ती अकरावर आली. डांबरी रस्त्यावर तो भुंग्यासारखा गुणगुणतो. धुळ्यापर्यंत सौ.ला वाटत होते की, गाडीत काही बिघडले आहे. आणि गंमत अशी की, पुण्याहून मनालीपर्यंतचे सुमारे दोन हजार किलोमीटर गुळगुळीत रस्त्याचे. हे टायर ज्यासाठी घेतले तो खरा वाईट रस्ता शंभराच्या आतला!

मनाली सोडली की पूर्वी रोहतांगची चढण चढावी लागे. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्यापासून माणूस हिरव्या देवदारांतून आत शिरतो आणि लाहौलच्या उघड्याबोडक्या डोंगरांत बाहेर पडतो. तेथून कोकसर, ग्रामफू, आणि मग चंद्रा नदीच्या काठाने छत्रू. ही चंद्रा पुढे तांदीला भागा नदीला मिळते आणि दोघींची होते चंद्रभागा. तीच पुढे चिनाब. आम्ही छत्रूला पोचलो तो दिवस १७ जुलै, आषाढी एकादशीचा! पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. ती वेगळी, ही वेगळी. पण नाव एकच ऐकून सौ.ने त्या राखाडी पाण्याला हात जोडले आणि ढाब्यातल्या उकडलेल्या बटाट्यांवर उपवास साजरा केला.

ढाब्यात एक गंमतच दिसली. पुण्यामुंबईत गाडीवाले भेटले की गाडीचे मॉडेल विचारतात. येथे टायर विचारतात. कोल्हापूरचे एक डॉक्टर सांगत होते, "खडीत यांना तोड नाही. पण चाळीस हजार किलोमीटरनंतर रबर कडक झालं, आणि पावसात आंबोलीच्या घाटात ब्रेक दाबला तर गाडी पुढे सरकतच गेली. फोर-व्हील गाडी पुढे ओढते. थांबवायचं काम शेवटी टायरचंच!" नाशिकच्या एका तरुण जोडप्याने शोभेसाठी कंपनीने सांगितल्याहून मोठ्या मापाचे टायर बसवले होते. वळताना ते आत घासत, आणि चाक मोठे झाल्यामुळे काटा खऱ्या वेगाहून कमी वेग दाखवी. दिल्लीच्या एका गृहस्थांनी जुना साठा स्वस्तात घेतला आणि मग टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर नवे, पण वयाने पाच वर्षांचे!

कोपऱ्यात एक स्थानिक टॅक्सीवाला चहा पीत होता. त्याने विचारले, "हवा किती आहे?" बाळ म्हणाला, "पुण्यात तेहतीस भरली होती." मोजली तर छत्तीस भरली. न भरताच हवा वाढली कशी? कारण सोपे आहे. मापक आतल्या आणि बाहेरच्या दाबांतला फरक दाखवतो. उंचावर बाहेरची हवा विरळ, म्हणून फरक वाढतो. साडेचार हजार मीटरांवर तो पुण्याच्या मानाने चारपाच पौंड अधिक होतो. थंडीने त्यातले थोडे कमी होते, एवढेच. टायर असा टणक झाला की दगडावर नाचतो. थोडी हवा सोडली की पसरून दगड धरतो. पण फार सोडली तर बाजू फुगते आणि तीच कापली जाते. बाळने मापाने हवा सोडली. निघताना टॅक्सीवाला म्हणाला, "टायर अच्छा है, साहब. लेकिन टाइम भी देखना." त्याचा अर्थ आम्हांला दोन तासांनी कळला.

छत्रूच्या पुढे रस्ता म्हणजे नदीने टाकून दिलेली धोंड्यांची रास. दुपारचे तीन वाजले होते. एका वळणावर बाळने गाडी थांबवली. समोर नाला. वरच्या हिमनदीचे पाणी दुपारच्या उन्हाने वितळून रस्त्यावरून धावत होते. आत धोंडे एकमेकांवर आपटत असल्याचा आवाज काचा बंद असूनही ऐकू येत होता. पलीकडे एक ट्रक हेलकावत पार गेला. बाळ उतरला, काठाशी उभा राहिला. दोन वर्षे तो ज्या क्षणाची वाट पाहत होता तो हाच होता. कुंदा काही बोलली नाही. तिने फक्त निहारचा हात धरला होता.

निहारनेच काच खाली केली. "बाबा, आता आपले टायर चांगले आहेत ना?"

बाळ बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "टायर चांगले आहेत रे. पाणी चांगलं नाही."

आणि त्याने गाडी वळवली. परतीच्या वाटेवर कोणी काही बोलले नाही. फक्त कुंदाने डबा उघडून बाळच्या हातावर एक लाडू ठेवला. दोन वर्षांचे भांडण असे मिटताना मी प्रथमच पाहिले.

रात्र छत्रूला काढून आम्ही पहाटे पुन्हा निघालो. रात्रीच्या थंडीने वितळणे थांबले होते. सहा वाजता तोच नाला अर्ध्याहून खाली आलेला, तळचे धोंडे दिसू लागलेले. बाळने गाडी लो गिअरमध्ये घातली आणि न थांबता, घाई न करता आत सोडली. खाली दगड सरकले, गाडी एका बाजूला कलली, सौ.ने विठ्ठलाचे नाव घेतले, आणि चारही चाकांनी दगड धरले. ती पकड मला बसल्या जागी जाणवली. आम्ही पार झालो.

बातलच्या अलीकडे एके ठिकाणी कुंदा म्हणाली, "इथेच ना?" बाळने मान हलवली. आम्ही उतरलो. पाचही टायर पाहिले. ओरखडे होते, चीर एकही नव्हती. निहार एका मोठ्या दगडावर चढून चंद्रा नदीकडे पाहत उभा राहिला. त्याला ती रात्र आठवत होती की नाही, कोण जाणे! दुपारी कुंझुमची खिंड ओलांडून आम्ही स्पितीत उतरलो.

त्या वर्षीच्या दसऱ्याला बाळकडे गेलो होतो. गाडी धुऊन पुसून दारात उभी होती. बाळने बॉनेटला झेंडूची माळ घातली, चारही चाकांना हळदकुंकू वाहिले आणि तो नारळ फोडावयास निघाला. तोच कुंदा आतून आली आणि म्हणाली, "थांबा."

मग ती गाडीच्या मागे गेली आणि स्टेपनीलाही कुंकू लावून आली.