आरशात बघून चालवायचा रस्ता

जगातला सर्वात अवघड समजला जाणारा शर्यतीचा रस्ता स्वतः चालवून बघायचा असेल तर काय लागतं? लायसन्स, नेहमीच्या रस्त्यावर चालणारी धडधाकट गाडी आणि तिकीट. बस्स. टोलनाक्यावर असतो तसला आडवा दांडा असतो. कार्ड टेकवलं की तो वर जातो आणि आपण जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगच्या 'नॉर्डश्लाइफ'वर, म्हणजे उत्तरेकडच्या फेऱ्यावर असतो. शर्यती किंवा कंपन्यांच्या चाचण्या नसतात तेव्हा हा रस्ता सर्वांसाठी उघडतात. तेवढ्या वेळापुरता तो एकेरी वाहतुकीचा टोल रस्ता. वाहतुकीचे नेहमीचे नियम लागू, ओव्हरटेक फक्त डावीकडून, शर्यत लावायला आणि वेळ मोजायला बंदी. बहुतेक भागात वेगाला मर्यादा मात्र नाही.

रस्ता जुना आहे. आयफेलच्या डोंगराळ, गरीब मुलखात लोकांच्या हाताला काम मिळावं हाही हेतू ठेवून १९२५ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि जून १९२७ मध्ये पहिल्या शर्यती झाल्या. आजची लांबी २०.८३२ किलोमीटर, वळणं ७३, आणि सर्वात उंच आणि सर्वात खालच्या जागेत सुमारे ३०० मीटरचा फरक. आपल्याकडचा एखादा घाट घ्यावा, त्याला दोन्ही बाजूंनी दाट झाडी लावावी आणि त्याची दोन टोकं एकमेकांना जोडून टाकावीत, तसं काहीसं. जॅकी स्टुअर्टनं त्याला 'हिरवा नरक' म्हटलं. आणि म्हणणारा कोण, तर १९६८ मध्ये इथेच धुक्यात आणि पावसात चार मिनिटांहून जास्त फरकानं जिंकलेला माणूस! तिथे आपण काय बोलणार?

माझा गाडीवर हात बसला तो वरंध आणि ताम्हिणी घाटात. घाटात तयार झालेल्या माणसाची एक ठेवण असते. त्याचं सगळं लक्ष पुढे. वळणाआधी हॉर्न, आपली डावी बाजू सोडायची नाही, चढणाऱ्या गाडीला आधी वाट. वळणापलीकडे एसटी आहे हे गृहीतच धरायचं. मागच्याची काळजी मागच्यानं करावी. आपल्या ट्रकांच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायची पद्धत होती (महाराष्ट्रात २०१५ मध्ये त्यावर बंदी आली), तिचा अर्थ तरी दुसरा काय? मी काही मागे बघत नाही बुवा, तुला पुढे जायचं असेल तर तूच सांग.

नॉर्डश्लाइफवर हे सगळं उलटं होतं. समोरून कोणीच येणार नसतं. आंधळं वळण असो की चढाचा माथा, पलीकडे तोंड करून येणारी गाडी नाही. हे डोक्याला कळतं, पण हातांना कळायला वेळ लागतो. येणारा जो कोणी असेल तो मागून येणार, आणि कदाचित माझ्या दुप्पट वेगानं.

आसपासच्या गावांत या रस्त्यासाठीच गाड्या भाड्यानं देणारी मंडळी आहेत. (विमानतळावरून भाड्यानं घेतलेली गाडी इथे आणायला बहुतेक करारांत सक्त मनाई असते.) मला मिळाली सुझुकी स्विफ्ट. हो, आपली स्विफ्टच! फक्त आत लोखंडी सांगाडा, गच्च धरून ठेवणाऱ्या सीट आणि स्टिअरिंग डावीकडे. शेजारी बसायला गॅरेजमधलेच एक साठीचे गृहस्थ. करारावर सही करताना कळलं, कडेचा लोखंडी कठडा वाकवला तर त्याचं बिल मीटरवर येतं. गाडी उचलून न्यायचे पैसे वेगळे, आणि गाडीचं नुकसान तर आहेच.

गृहस्थांनी आधी तिन्ही आरसे माझ्याकडून नीट लावून घेतले. मग म्हणाले, "आज तुम्ही कोणाला मागे टाकायचं नाही. तुम्हाला मागे टाकणं लोकांना सोपं जाईल एवढंच बघायचं. मागून वेगात कोणी आलं की उजवा सिग्नल द्या, उजवीकडे राहा, आणि अचानक काही करू नका. आणि लक्षात ठेवा, एक गेली की तिच्या मागे दुसरी असतेच."

त्यांनी टायरचा हिशोबही सांगितला. टायरची पकड म्हणजे ठरलेला पगार. ब्रेकवर सगळा उडवला तर वळायला काही उरत नाही. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावर दाबून घ्यायचा, हळूहळू सोडत वळणात शिरायचं, आणि पुढची वाट दिसू लागली की मगच ॲक्सिलरेटर. (पगाराची उपमा माझी. त्यांनी हातातला कॉफीचा कप तिरका करून दाखवला होता.)

आम्ही रांगेत लागलो आणि फाटक बंद झालं. आत कुठेतरी कोणीतरी धडकलं होतं. अर्धा-पाऊण तास सगळे नुसते उभे. मघापर्यंत मोठ्यानं हसणारी पोरं गप्प झाली. मग एक गाडी ट्रकवर लादून बाहेर आली. नाक पूर्ण आत गेलेलं. मागोमाग तिचा मालक, धडधाकट, पण कोणाकडेच न बघणारा. परत फिरायचं असेल तर हीच वेळ होती, आणि तसं कोणी फिरलं असतं तर त्याला कोणी हसलंही नसतं. दोन गाड्या फिरल्याही. मी पाण्याचे दोन घोट घेतले. तेवढ्यात दांडा वर गेला.

या रस्त्याच्या तुकड्यांना नावं आहेत, आणि ती ऐकूनच पोटात गोळा यावा अशी. 'विमानतळ', आणि त्या माथ्यावर गाड्या जमीन सोडतात. 'कोल्ह्याची नळी', म्हणजे झाडीतून खाली कोसळणारा उतार. त्याच्या तळाशी माणूस सीटमध्ये दाबला जातो. पुढे 'पाकोळीची शेपटी' आणि शेवटी शेवटी 'फाशीचा माथा'! कोल्ह्याच्या नळीनंतर लगेच आडेनाऊ जंगलाची फसवी वळणं येतात. तिथे कठड्यामागे कॅमेरे घेऊन लोक उभे असतात, कारण नवखे सरळ गवतात जातात ते इथेच. गृहस्थ आधीपासूनच "ब्रेक, ब्रेक" म्हणत होते. मी इतका सावकाश गेलो की कॅमेरावाल्यांची साफ निराशा झाली असणार.

बेर्गवेर्कच्या अलीकडे आरशात दोन दिवे दिसले. बघता बघता ते आरसाभर झाले. मी उजवा सिग्नल दिला, उजवीकडे सरकलो. माझ्या खिडकीला लागूनच एक पोर्शे निघून गेली. वळण समोर होतं आणि वळणात नीट शिरायचं तर गाडी आता डावीकडे न्यायला हवी होती. हात निघालेही होते. पण 'दुसरी असतेच' हे वाक्य आठवलं आणि मी आणखी क्षणभर उजवीकडेच राहिलो. दुसरी होतीच. पहिलीच्या आडोशाला, आरशात अजिबात न दिसलेली. ती गेली तेव्हा स्विफ्ट हलली. गृहस्थ काही बोलले नाहीत, फक्त अंगठा वर केला. माझ्या पायाला बारीक कंप सुटला होता.

याच भागात १ ऑगस्ट १९७६ रोजी निकी लाउडाची फेरारी रस्त्याकडेच्या बांधावर आदळून पेटली आणि रस्त्याच्या मध्ये येऊन थांबली. मागून येणाऱ्या ब्रेट लंगरची गाडी तिच्यावर आदळली. एवढ्या लांबलचक रस्त्यावर मदत वेळेत पोचणं कठीण. लाउडाला जळत्या गाडीतून बाहेर काढलं ते मागून आलेल्या चालकांनी. आर्तुरो मेर्त्सारियो, गाय एडवर्ड्स, हाराल्ड एर्टल आणि तोच ब्रेट लंगर. सहा आठवड्यांनी लाउडा मोंझाला शर्यतीत उतरला आणि चौथा आला. फॉर्म्युला वन मात्र या जुन्या रस्त्यावर पुन्हा कधी आली नाही.

हे सगळं मी आधी वाचलेलं होतं. पण त्या दोन गाड्या नुकत्याच अंगावरून गेल्यानंतर ते वेगळं लागलं. ज्याची धडक बसते तोच पट्टे सोडवायला आगीत हात घालतो. या रस्त्यावर मागून येणारा माणूस ना वैरी असतो ना मित्र. त्याचा जीव आपल्या हातात असतो, आणि आपला त्याच्या.

पुढे चढ लागला. कारुसेलचं काँक्रीटचं घमेलं आलं. त्यात चाकं टाकली की दात वाजतात. त्यापुढे रस्त्यावर लोकांनी रंगवलेली नावं, पुन्हा झाडी, आणि शेवटी लांबच लांब सरळ पट्टा. तिथे आणखी तिघं गेले. एकानं जाताना हात केला. माझ्या अंदाजानं बारा-तेरा मिनिटं लागली असतील. तुलनेसाठी सांगतो, याच गावात वाढलेल्या सबीन श्मिट्झ या बाईंनी इथे सामान वाहायची फोर्ड ट्रान्झिट व्हॅन १० मिनिटं ८ सेकंदांत फिरवली होती! त्या २०२१ मध्ये गेल्या आणि त्याच वर्षी पहिल्या वळणाला त्यांचं नाव दिलं गेलं.

मला पुढे जाऊ देणं जमत नाही अशातला भाग नाही. पण आपल्याकडे कोणी मागे टाकलं की कुठेतरी टोचतंच. शेजारी बसलेलाही म्हणतो, "काय रे, रिक्षावाला गेला की पुढे!" त्या फेरीत मला सतरा-अठरा गाड्यांनी मागे टाकलं आणि मी प्रत्येक वेळी खूश होतो. प्रत्येक गाडी सुखरूप गेली म्हणजे माझं एक काम नीट झालं होतं.

दुसरी फेरी गृहस्थांनी चालवली. तीच स्विफ्ट, पण जणू दुसरंच यंत्र. आवाज नाही, झटका नाही, हात जेमतेम हलताहेत आणि बाहेरची झाडं मात्र पळताहेत. आम्ही चार-पाच जणांना मागे टाकलं. मग चढावर आरशात दिवे दिसले. आयुष्य या रस्त्याकडेला गेलेल्या त्या माणसानं बोलणं न थांबवता उजवा सिग्नल दिला, बाजूला राहिले, गाडी जाऊ दिली, मग दुसरी आहे का ते पाहिलं, आणि बोलणं सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं.