डब्यात आहे का?

घरात रेकॉर्डिंगवाला सेट टॉप बॉक्स असेल आणि सोबत आजी किंवा आजोबा असतील, तर तुम्हाला वेगळं काही सांगायला नको. ऑफिसात दोन टीम्सना मिळून एकच टेस्ट सर्व्हर दिला की जे होतं, तेच आमच्याकडे रोज संध्याकाळी साडेसात ते साडेदहा चालतं. फरक इतकाच, की ऑफिसात भांडण झालं तर मीटिंग होते, घरात भाजीत मीठ कमी पडतं :)

आमच्याकडचे दावेदार दोनच. एक मी. माझ्या मॅचेस आणि रात्री उशिराचे सिनेमे. दुसरी आजी, वय वर्षं ८१. तिच्या चार मालिका आणि एक कीर्तन. (बाबा फक्त बातम्या बघतात आणि बातम्या कोणी रेकॉर्ड करत नाही. आईला टीव्हीपेक्षा शांतता आवडते, ती आमच्या घरात रेकॉर्ड करण्याइतकी होतच नाही.) आजीच्या भाषेत त्या बॉक्सचं नाव 'डबा'. कार्यक्रम रेकॉर्ड होत नाही, डब्यात पडतो. त्यामुळे तिचा रोजचा प्रश्न एकच, "अगं, कालचं डब्यात आहे का?"

आता या डब्याचं थोडं तंत्र. कार्यक्रम आपल्या सोयीने बघायची कल्पना जुनीच आहे. व्हीएचएस १९७६ साली जपानमध्ये आलं. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने बीटामॅक्स खटल्यात सांगून टाकलं, की घरी बसून नंतर बघण्यासाठी कार्यक्रम टेप करणं हा काही गुन्हा नाही. १९९९ मध्ये टिवो आणि रिप्लेटीव्हीने टेपच्या जागी हार्ड डिस्क टाकली आणि २००८ मध्ये टाटा स्काय प्लस आपल्याकडे आला. आमचा डबा २०१५ चा. आत दोन ट्यूनर, म्हणजे छतावरच्या छत्रीपासून दोन केबल्स, आणि ५०० जीबीची डिस्क. तुम्ही लाईव्ह टीव्ही 'पॉज' करता तेव्हा प्रक्षेपण काही थांबत नाही. येणारं सगळं डबा आधी डिस्कवर लिहीत असतो, थांबतं ते फक्त आपलं वाचणं.

डिस्कचा हिशोबही सोपा आहे. साध्या चॅनेलला सेकंदाला ३ मेगाबिट धरले तर तासाला साधारण १.३५ जीबी होतात, एचडीला ८ धरले तर ३.६. आजीच्या चार मालिका, प्रत्येकी अर्धा तास, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे आठवड्याला १६ जीबी. काहीच पुसलं नाही तर सात-आठ महिन्यांत डबा गच्च. एचडीत तेच भरलं तर तीन महिनेसुद्धा लागत नाहीत.

हे गणित मी आजीला सांगितलं तेव्हा वाटलं होतं की आता तासभर शिकवणी घ्यावी लागणार. तिने एका वाक्यात विषय संपवला, "म्हणजे जुनं लोणचं आधी संपवायचं, आणि पाहुण्यांसाठी ठेवायचं त्या बरणीला हात लावायचा नाही." आता बघा, 'फर्स्ट इन, फर्स्ट आउट' आणि 'लॉक' हे दोन्ही कन्सेप्ट झाले की! आमच्या धंद्यात 'युजरला कळत नाही' असं म्हणायची एक पद्धत आहे. ज्या बाईने पन्नास वर्षं फडताळ सांभाळलं, तिला स्टोरेज मॅनेजमेंट काय कळायचं राहिलंय?

अडायचं ते भलतीकडेच.

पहिलं म्हणजे भिंतीवरचं बटण. झोपायच्या आधी घरभर फिरून सगळी बटणं बंद करायची, हा आजीचा नेम. आणि डब्याला वीज नसेल तर रात्रीचा सिनेमा कुठून पडणार? "हा रात्रभर किती वीज खातो ते आधी सांग," तिने विचारलं. पंधरा वॅट धरले तर महिन्याला ११ युनिटच्या आसपास. जरा विचार करून तिने मंजुरी दिली आणि कपाळावरची टिकली काढून त्या बटणावर लावली. टिकलीवालं बटण बंद करायचं नाही. आजतागायत झालेलं नाही.

दुसरं, तो स्क्रीनवर येणारा प्रश्न. ट्यूनर दोन आणि कार्यक्रम तीन झाले की डबा इंग्रजीत विचारतो, 'कंटिन्यू' की 'कॅन्सल'? कॅन्सल म्हणजे काय कॅन्सल? हा प्रश्न, चालू रेकॉर्डिंग की नवं? हे मलासुद्धा दोनदा वाचल्याशिवाय कळत नाही. आजीने त्यावर नियम काढलाय. प्रश्न आला की कशालाही हात लावायचा नाही, टीव्ही बंद करायचा, डबा नाही, आणि घरातलं कोणी आलं की विचारायचं. प्रॉडक्शनवर काम करणाऱ्या कित्येकांना ही शिस्त शिकवावी लागते.

तिसरं मात्र मला लागलं. एकदा भाचा गेम खेळून टीव्हीचं इनपुट बदलून गेला. मी आतल्या खोलीत घरूनच काम करत होते. संध्याकाळी सहाला बाहेर आले, तर आजी काळ्या स्क्रीनसमोर जपमाळ घेऊन बसलेली. दुपारी दोनपासून! "हाक का नाही मारलीस गं?" तर म्हणाली, "तू मीटिंगमध्ये होतीस ना. आणि सारखं सारखं काय विचारायचं?"

मी इनपुट बदलून द्यायला उठले, तिने रिमोट सोडला नाही. "लावून देऊ नकोस, शिकव."

लावून देणं पाच सेकंदांचं काम, शिकवायला वीस मिनिटं लागतात. म्हणून घरोघरी सगळे लावूनच देतात आणि म्हातारं माणूस पुढच्या वेळेपर्यंत तसंच बसून राहतं. त्या दिवशी वीस मिनिटं लागली. तिने वहीत चित्रं काढून घेतली: वर चौकोन, मग बाण, मग गोल. रिमोटवरच्या नावांशी तिला देणंघेणं नाही, जागा आणि रंग लक्षात राहतात. ती वही म्हणजे मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं युजर मॅन्युअल आहे.

पण तिला हा डबा एवढा का हवा असतो? दुपारी मालिकांचं पुनर्प्रक्षेपण असतंच की. हे मला कळलं ते रामायणामुळे. १९८७ मध्ये रामायण सुरू झालं तेव्हा आमच्या घरी टीव्ही होता आणि रविवारी सकाळी अख्खी चाळ आमच्याकडे जमायची. "सगळ्यांनी बघितलं. मी ऐकलं," आजी म्हणते. ती आत होती. वीस-पंचवीस माणसांचा चहा करत. रावणाचा आवाज तिला पाठ होता, तो दिसतो कसा ते तिने नीट पाहिलंच नव्हतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये, २८ मार्चपासून, दूरदर्शनने ते पुन्हा दाखवलं. रोज सकाळी आणि रात्री, म्हणजे पुन्हा नेमकं स्वयंपाकाच्याच वेळी. या वेळी ते डब्यात पडत होतं. तिने ७८ भाग दुपारी, पाय पसरून, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले. कोणी पाणी मागितलं तर पॉज करून उठायची. टीव्हीने आपल्यासाठी थांबायचं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. बघून झाल्यावर सगळे भाग लॉक केले. साधारण ६० जीबी.

मी ते कधीच पुसायला सांगितलं नाही. २९ जून २०२४ ला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल होती आणि मला ती एचडीत ठेवायची होती. डबा ९९ टक्के भरलेला. माझे सिनेमे काढून जागा करावी म्हणून उघडला, तर जागा झालेली. रामायणाचे पहिले वीस भाग नव्हते. "तुझी मॅच मावत नव्हती ना?" एवढंच बोलून ती भाजी निवडायला लागली. नंतर हिशोब केला, वीस भागांचे जवळजवळ १६ जीबी होतात. मॅचला १४ लागले. आपण सात धावांनी जिंकलो. ती मॅच आता लॉक आहे, आणि ते लॉक आजीने लावलंय.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे डिस्क कुरकुर करायला लागली आहे. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, नवीन बॉक्स घ्या, त्यात डिस्क नसते, सगळं अ‍ॅपवर मिळतं. खरंय, मिळतं. रामायणसुद्धा मिळतं. डब्यातलं रेकॉर्डिंग एन्क्रिप्टेड असतं, त्याच डब्याशी बांधलेलं. डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडली तरी उघडत नाही. म्हणजे डबा गेला की तिचं रामायण आणि माझी मॅच दोन्ही जाणार. त्याचं एवढं वाईट वाटत नाही. पण अ‍ॅपमध्ये लॉगिन, ओटीपी, सर्चमध्ये टाईप करणं आणि आपण न मागितलेल्या शंभर गोष्टींची रांग आलीच. डब्याच्या यादीत फक्त तिने ठेवलेलं असतं.

तेव्हा घरात मी जाहीर केलंय, हा डबा चालतोय तोवर त्याचा रिचार्ज माझ्याकडे. त्यानंतर जे काही घ्यायचं, त्याची टेस्ट केस एकच. दुपारी दोन वाजता मी मीटिंगमध्ये आहे, घरात दुसरं कोणी नाही, आणि आजीला कालचा भाग बघायचा आहे. मला हाक न मारता तिला तो लावता आला तर ते यंत्र पास. नाहीतर कितीही स्मार्ट असो, दुकानात परत.

आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "आधी नवी वही आण."