दक्षिणेकडची नक्कल

पुण्यात वास्तुकला शिकताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली होती: इमारतीनं खोटं बोलू नये. आत काँक्रीट असेल तर बाहेरून जुन्या विटकामाचा आव आणू नये. ही शिकवण घेऊन मी डब्लिनला आले, माउंटजॉय स्क्वेअरच्या जवळ राहू लागले, आणि त्या चौकाची दक्षिण बाजू मला रोज टोचू लागली. इतर बाजूंना बरीचशी दोनशे वर्षांपूर्वीची घरं, आणि दक्षिणेला मोठा भाग निव्वळ नकलेचा: समोर जॉर्जियन चेहरा, मागे विसाव्या शतकाच्या अखेरचं बांधकाम. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना चौक दाखवायला न्यायचे आणि दक्षिणेकडे पाठ करून उभी राहायचे. ती रांग पाडून तिथं आजच्या काळातली प्रामाणिक इमारत यावी, असं मी अनेकदा, आणि जोरात, बोलून दाखवलं आहे. ते मत मी आता मागे घेते.

हा चौक ल्यूक गार्डिनर या जमीनदारानं वसवला. 1790 च्या सुमारास काम सुरू झालं आणि 1818 मध्ये पूर्ण झालं. मधल्या काळात, 1798 च्या बंडात, खुद्द गार्डिनर मारला गेला. प्रत्येक बाजू साधारण 140 मीटर. डब्लिनच्या जॉर्जियन चौकांमध्ये खरोखर चौरस असलेला हा एकच. पश्चिम बाजूला आधी दगडी दर्शनी भागाचा, राजवाड्यासारखा भव्य आराखडा होता. तो कागदावरच राहिला आणि विटांची घरं उभी राहिली. घरं बांधणारे वेगवेगळे होते. नावाजलेला गिलावा-कलाकार मायकेल स्टेपल्टन त्यांतलाच एक. रस्त्यावरची रेघ आणि उंची सगळ्यांनी सांभाळायची, आत ज्याचं त्यानं बघायचं, अशी ती रीत. म्हणून अशा रांगा पुढून शिस्तीत दिसतात आणि मागून पाहिल्या तर कुठं भिंत पुढं आलेली, कुठं खिडकी भलत्याच उंचीवर. पुढचा चेहरा चौकासाठी आणि मागची बाजू घरासाठी, ही वाटणी पहिल्या दिवसापासूनचीच. हे मला पाठ होतं. पण त्याचा अर्थ लागायला डिसेंबरमधली एक दुपार यावी लागली.

त्या दुपारी मी चौकातल्या बागेच्या मध्यावर उभी होते. तिथं हिवाळ्यात सूर्य फार खाली असतो. दक्षिणेकडच्या रांगेचं तोंड उत्तरेला, त्यामुळे ऊन तिच्या पाठीमागे. विटा जुन्या की नव्या, दरजा हातानं भरलेल्या की नाहीत, काहीच कळत नव्हतं. दिसत होती ती फक्त एक गडद भिंत: चार मजल्यांची उंची, छताची सरळ कड, आणि वर चढत जाताना आखूड होत जाणाऱ्या खिडक्यांच्या ओळी. आणि चौक मिटलेला होता. बाग म्हणजे एक खोली आणि ही तिची चौथी भिंत, हे मला पायांना जाणवलं म्हटलं तरी चालेल.

घरी येऊन मी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले फोटो पुन्हा काढून पाहिले. दक्षिणेला खिंडारं, उघड्या पडलेल्या भिंतींना लाकडी टेकू. एक बाजू गेली की उरलेल्या तीन बाजूंची घरं नुसती रस्त्याकडेची घरं वाटतात. मी इतकी वर्षं एकेका घराचा खरेपणा तपासत होते. इथं रचना होती ती चौकाची.

ही पडझड कशी झाली, तेही मी फार सोपं करून सांगत आले होते. 1801 मध्ये आयर्लंडची संसद लंडनच्या संसदेत विलीन झाली आणि उमराव हळूहळू शहर सोडून गेले. पुढं उत्तर डब्लिनमधल्या कितीतरी हवेल्यांमध्ये एकेका दालनात एकेक कुटुंब राहू लागलं. जवळच्या हेनरीएटा स्ट्रीटवर 14 क्रमांकाच्या एकाच घरात 1911 साली शंभर माणसं होती. नाटककार शॉन ओकेसी माउंटजॉय स्क्वेअरच्या 35 क्रमांकात राहिला, आणि अशाच दाटीच्या घरात त्याचं 1923 चं ‘द शॅडो ऑफ अ गनमन’ घडतं. स्वतंत्र आयर्लंडच्या बंदी घातलेल्या संसदेच्या गुप्त बैठका याच चौकात, 3 क्रमांकात, वॉल्टर कोल यांच्या घरी झाल्या. साहेबाच्या घरांसाठी कशाला रडायचं, असं मी म्हणायचे तेव्हा हे सगळं मी सोयीनं वगळत होते.

1963 च्या जूनमध्ये बोल्टन स्ट्रीट आणि फेनियन स्ट्रीटवर अशी जुनी घरं कोसळून चार जण गेले, त्यांत दोन लहान मुली होत्या. त्यानंतर धोकादायक ठरवून भराभर घरं पाडली गेली. त्या भीतीला मी आजही चूक म्हणणार नाही. मारीगा गिनेस आणि तिच्या आयरिश जॉर्जियन सोसायटीच्या लोकांनी दक्षिण बाजूचं एक घर विकत घेऊन ती बाजू पाडू पाहणाऱ्या बिल्डरची वाट अडवली, तरी रांग वाचली नाही. पूर्वी मला ती मंडळी श्रीमंतांचा छंद करणारी वाटायची. आता वाटतं, चौकाची चौथी भिंत जाते आहे हे त्यांना वेळेवर दिसलं होतं. मला ते दिसायला नक्कल उभी राहावी लागली.

नकलेबद्दलची माझी एक तक्रार मात्र अजून शिल्लक आहे. त्या दर्शनी भिंतीमागं जुने जिने नाहीत, छताचा गिलावा नाही, आणि एका दालनाच्या चार खोल्या करताना लोकांनी ठोकलेल्या फळ्यांच्या खुणा नाहीत. उत्तर बाजूला संध्याकाळी दिवे लागले की एखाद्या उंच खिडकीतून छताची नक्षी रस्त्यावरून दिसते. दक्षिणेला दिवे लागतात तेव्हा तितक्याच उंच खिडकीत सपाट पांढरं छत दिसतं. मी दोन्हीकडे बघते. आता पाहुण्यांना नेते तेव्हा बागेच्या मध्यावर थांबते आणि त्यांना चारही दिशांना वळायला सांगते.