डोलकाठीच्या पुढे

काही शब्द दिसायला सरळ असतात, पण वाट चुकवतात. आमच्या गावचे एक गृहस्थ जहाजावरील नोकरीतून निवृत्त होऊन घरी परतले. त्यांच्या सत्कारात चार शब्द बोलण्याचे काम आमच्याकडे आले. सेमिनरीत असताना चाळलेले रिचर्ड हेन्री डेना यांचे ‘टू इयर्स बिफोर द मास्ट’ हे पुस्तक आम्हांला आठवले. आम्ही मोठ्या ऐटीत म्हणालो, “आपण आयुष्यभर डोलकाठीच्या पुढे राहिलात!” पुढे म्हणजे मानाच्या जागी, असा आमचा समज. टाळ्या पडल्या.

नंतर ते हळूच म्हणाले, “फादर, बोललात ते खरंच आहे. पण डोलकाठीच्या पुढे साहेब नसतो, खलाशी असतो.”

आम्ही वरमलो. ते पुस्तक या वेळी नीट वाचले. शिडाच्या जहाजांवर कप्तान आणि अधिकारी मागच्या भागात राहत. पुढच्या डोलकाठीपलीकडे, लाटांचा मारा सोसणाऱ्या कोंदट जागेत खलाशांची वस्ती असे. म्हणून ‘बिफोर द मास्ट’ जाणे म्हणजे साधा खलाशी म्हणून नोकरी पत्करणे. शिडे गेली, वाक्प्रचार उरला.

डेना हार्वर्डचे विद्यार्थी. गोवरामुळे दृष्टी अधू झाली, म्हणून १८३४ साली बोस्टनहून ‘पिलग्रिम’ जहाजावर ते असेच चढले. केप हॉर्नला वळसा घालून कॅलिफोर्नियाला पोहोचले. तेथे त्यांनी गुरांची कातडी वाहिली. तेथेच कप्तानाने दोन खलाशांना दोराने फोडून काढलेले त्यांनी पाहिले आणि या माणसांसाठी काही करण्याचा निश्चय केला. १८३६ मध्ये ते परतले. १८४० मध्ये पुस्तक निघाले. पुढे वकील होऊन त्यांनी खलाशांची बाजू मांडली. १८५० साली अमेरिकेने जहाजांवरील फटक्यांची शिक्षा कायद्याने बंद केली.

पुस्तक मिटले तेव्हा मनाला एक गोष्ट लागली. डेना यांची दोनच वर्षे आम्ही इतक्या आस्थेने वाचली. या गृहस्थांची तर उभी हयात तेथे गेली होती. त्यांना एकही प्रश्न न विचारता आम्ही भाषण ठोकले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. “आता तुम्ही सांगा,” एवढेच म्हणालो. बराच वेळ ते गप्प राहिले. मग बोलू लागले. त्यांचा मुलगा दाराशी येऊन उभा राहिला होता. ते सारे त्यालाही नवेच होते.