पुन्हा पहिला दिवस

मराठी माणसाच्या मनात दारूची गोष्ट 'एकच प्याला'ने कायमची कोरून ठेवली आहे. गडकऱ्यांचे हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. सिंधूचे हाल आणि तळीरामाचे आर्यमदिरामंडळ सर्वांच्या स्मरणात असते. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो, हे मात्र सहसा आठवत नाही. शुद्धीवर येऊन तो काम शोधायला बाहेर पडतो, दारोदार झिडकारला जातो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. तेथून त्याला परतीची वाट नाही.

दादा पहिल्यांदा दारू सोडून पुन्हा प्यायला लागला, तेव्हा आमच्या घरात याच शेवटाची धास्ती शिरली. आम्ही म्हणजे आई, वहिनी आणि आम्ही दोघे धाकटे. पुढे आणखी तीनदा तसेच घडले. कधी आठ महिन्यांनी, कधी दीड वर्षाने, एकदा तर केंद्रातून परतल्यावर अकराव्याच दिवशी. आज त्याला दारू सोडून सहा वर्षे झाली आहेत. त्या चार घसरणींचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न मात्र आम्हाला अजून सोडत नाही.

दादा ज्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांना जातो, तिचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. मे १९३५मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक बॉब स्मिथ यांची गाठ पडली. विल्सन स्वतः न्यूयॉर्कच्या रुग्णालयात वारंवार दाखल होऊन, आदल्या डिसेंबरपासून दारूपासून दूर होते. त्यांच्या सहवासात स्मिथ यांनीही दारू सोडली. काही आठवड्यांतच ते अटलांटिक सिटीला वैद्यकीय अधिवेशनासाठी गेले आणि तेथे पुन्हा प्यायले. परतल्यानंतर त्यांनी अखेरचा घोट घेतला, तो दिवस १० जून १९३५ मानला जातो आणि तोच या संघटनेचा स्थापनादिन ठरला. १९५०मध्ये निधन होईपर्यंत स्मिथ पुन्हा प्यायले नाहीत. एवढ्या मोठ्या चळवळीची जन्मतिथी एका घसरणीच्या शेवटाला लागून आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

सभेत घसरणीनंतर दिवस पुन्हा एकपासून मोजतात. ही शिस्त कठोर वाटली तरी आवश्यक आहे, कारण व्यसनी मन सतत सवलत शोधत असते. परंतु मोजणी शून्यावर आली म्हणून मधल्या महिन्यांत कमावलेले शहाणपण पुसले जात नाही. वरातीत जाऊ नये, हे दादाला पहिल्या घसरणीने शिकवले. आनंदाच्या प्रसंगीही सावध राहावे, हे बढतीनंतरच्या दुसरीने. ॲलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञाने याच संदर्भात एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. एका घोटानंतर 'आता सगळे संपलेच' अशी जी हताशा येते, तीच माणसाला पुढच्या घोटांकडे ढकलते. सुधाकराचा निर्वाणीचा निश्चय या हताशेहून फारसा वेगळा नव्हता.

याचा अर्थ घसरण निरुपद्रवी असते, असा नव्हे. वारंवार पिऊन वारंवार थांबले की थांबतानाचा त्रास उत्तरोत्तर वाढू शकतो. पहिल्या वेळी दादाचे हात थरथरले होते; चौथ्या वेळी त्याला झटके आले. अशा अवस्थेत घरच्या घरी एकाएकी दारू तोडणे जिवावर बेतू शकते, हे डॉक्टरांनी तेव्हा आम्हाला स्पष्ट सांगितले. पाचवी वेळ आली तर तो त्यातून वाचेल, याची हमी कोणीच देऊ शकत नाही. ही भीती सहा वर्षांनंतरही घरात आहे आणि तिच्यासह जगणे आम्हाला भाग आहे.

भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांपासून जपावे, असे सभेत शिकवतात. दादाच्या निश्चयावर आमची सत्ता नाही. या चौघांवर मात्र घराची थोडी चालते. चौथ्या घसरणीनंतर एका परिचित छापखानेवाल्याने त्याला कामावर घेतले, म्हणजे सुधाकराला न उघडलेले एक दार त्याच्यासाठी उघडले. 'किती दिवस झाले?' हा प्रश्न आता घरात कोणी विचारीत नाही. तो हिशेब त्याचा आहे. रात्री तो कामावरून आला की आम्ही एवढेच विचारतो, 'दादा, जेवलास का?'